तिसऱ्या आऊटवर आलेला रन कधी धरतात आणि कधी नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलाच्या एका बेसबॉल मॅचमध्ये बेसेस लोडेड होते (तिन्ही बेसवर रनर), दोन आऊट (तिसऱ्याला बॅटिंग संपते), शॉर्टस्टॉपकडे (सेकंड आणि थर्डच्या मधला फील्डर) ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा बॉल) गेला, त्याने बॉल सेकंडला टाकला आणि फर्स्टवरून येणारा रनर तिथे आऊट झाला, पण थर्डवरचा पोरगा त्याच्या आधीच होम प्लेटवर (जिथे पोचलं की रन होतो) पाय ठेवून गेला होता, तरी रन दिला नाही. पुढच्या आठवड्यात परत दोन आऊट, थर्डवर रनर, बॅटरने लेफ्ट फील्डला मारलं, फर्स्ट घेऊन सेकंडला पळाला आणि तिथे टॅग झाला (फील्डरने बॉल हातात घेऊन त्याला शिवलं), आणि या वेळी मात्र रन दिला. दोन्ही वेळा रनर आऊटच्या आधी होमला पोचला होता, मग कुठला अम्पायर चुकला?

कुणीच नाही. दोन्ही निर्णय बरोबर आहेत. मी इकडे न्यू जर्सीत लहान मुलांच्या लीग आणि हायस्कूलच्या मॅचेसना अम्पायरिंग करतो, त्याआधी महाराष्ट्रात सॉफ्टबॉल खेळत होतो (तिथेही रनचा हा नियम असाच आहे), आणि हा प्रश्न दर सीझनला कुणाचे तरी आई-बाबा जाळीमागून विचारतातच, त्यामुळे जरा नीट आणि लांबलचक लिहितो.

सगळा घोळ होतो तो आपण घड्याळाकडे बघतो म्हणून. कोण आधी पोचलं, होमवर पाय आधी पडला की तिकडे बॉल आधी आला, हेच डोळ्यांना दिसतं आणि त्यावरच भांडण होतं. पण अम्पायर पहिल्यांदा वेळ बघतच नाही, तो बघतो की तिसरा आऊट कुठल्या प्रकारचा झाला. काही प्रकारांत वेळेला शून्य किंमत असते, रनर दहा सेकंद आधी पोचला असला तरी रन नाही म्हणजे नाही, आणि त्या प्रकारात बसत नसेल तरच मग वेळ बघायची.

मेजर लीगच्या (अमेरिकेतली सगळ्यात वरची व्यावसायिक लीग) नियमपुस्तकात हा नियम ५.०८ आहे (२०१५ ला पुस्तकाची नव्याने मांडणी झाली, त्याआधी हा ४.०९ होता, म्हणून जुने कोच अजून तोच आकडा सांगतात). त्यात मूळ गोष्ट साधी आहे: रनरने फर्स्ट, सेकंड, थर्ड, होम क्रमाने टच केलं आणि तोवर तिसरा आऊट झालेला नसेल तर रन. मग त्याला तीन अपवाद. तिसरा आऊट जर बॅटरचाच असेल आणि तो फर्स्ट बेस टच करायच्या आधी झाला असेल, तर त्या प्लेवर रन नाही. तिसरा आऊट कुठल्याही रनरचा फोर्स आऊट असेल तर रन नाही. आणि तिसरा जरा कमी दिसणारा, पुढे पळणाऱ्या रनरने एखादा बेस चुकवला आणि अपीलवर तो तिसरा आऊट ठरला, तर त्याच्या मागून आलेल्यांचे रन नाहीत.

आपल्या लोकांना हे क्रिकेटमधून पटकन कळतं. बॅट्समन उंच मारतो, दोघं पळून एक रन पुरा करतात आणि मग कॅच पकडला जातो, तेव्हा तो रन कुणी धरतं का? नाही, कितीही आधी पळून झाला असला तरी नाही. पण दोन पळून तिसऱ्याला रन आऊट झाला तर आधीचे दोन धरतात. म्हणजे आऊट कसा झाला यावर आधीचा रन टिकतो की जातो ते ठरतं, हे आपण लहानपणापासून न विचारता मान्य केलेलं आहे. बेसबॉलमध्येही तेच, फक्त इथे बेस चार आहेत आणि पळणारे जास्त, म्हणून गुंता वाटतो.

आता फोर्स म्हणजे काय ते एकदा पक्कं करून घ्या, कारण नव्वद टक्के वाद तिथेच आहेत. बॅटर बॉल मारून रनर झाला की त्याला फर्स्ट बेस मिळायला पाहिजे. फर्स्टवर कुणी असेल तर त्याला तो सोडून सेकंडला जावंच लागतं, दुसरा पर्यायच नाही, म्हणजे तो फोर्स. सेकंडवरचा रनर फोर्स तेव्हाच जेव्हा फर्स्टवरही कुणी आहे. थर्डवरचा फोर्स तेव्हाच जेव्हा तिन्ही बेस भरलेले आहेत. फोर्स असलेल्या रनरला आऊट करायला टॅग लागत नाही, फील्डरने बॉल हातात घेऊन पुढच्या बेसवर पाय ठेवला की झालं. आणि हो, फोर्स असलेल्या रनरला बेसवर पोचायच्या आधी वाटेत टॅग केलं तरी तो फोर्स आऊटच असतो, टॅग केला म्हणून प्रकार बदलत नाही, हे बरेच जण विसरतात.

तुमची पहिली मॅच आता बघा. बेसेस लोडेड, फर्स्टवरचा रनर सेकंडला फोर्स, तो तिथे आऊट, तिसरा आऊट फोर्स, विषय संपला. थर्डवरचा पोरगा होमला पोचून पाणी पीत बसला असता तरी रन मिळाला नसता. दुसऱ्या मॅचला बॅटरने फर्स्ट टच केलेला होता, म्हणजे पहिला अपवाद गेला, आणि सेकंडला तो स्वतःच्या मर्जीने पळाला, कुणी ढकललेलं नव्हतं, म्हणजे फोर्सही नाही. उरली फक्त वेळ. थर्डवरचा रनर टॅगच्या आधी होमला पोचला, रन धरला. अशा प्लेला इकडे टाइम प्ले म्हणतात आणि हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

यातच अजून एक, दोन आऊट असताना उंच उडालेला फ्लाय बॉल, आणि बॉल हवेत असतानाच थर्डवरचा रनर होम ओलांडून जातो, मग कॅच. रन नाही, कारण बॅटर फर्स्टच्या आधी आऊट. बॅटरचा तिसरा स्ट्राइक (एरवी यावर तो आऊट) कॅचरच्या हातून सुटला, म्हणून बॅटर फर्स्टला पळाला, थर्डवरचा होमला आला, मग कॅचरने फर्स्टला टाकून बॅटरला आऊट केलं, तरी तेच.

इथवर सोपं आहे. अवघड सुरू होतं जिथे फोर्स मध्येच नाहीसा होतो, आणि ही गोष्ट मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन समजावतो कारण चांगले खेळलेले लोकही इथे अडखळतात. एक आऊट, फर्स्ट आणि थर्डवर रनर, ग्राउंडर फर्स्ट बेसमनकडे. त्याच्यापुढे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे बॉल आधी सेकंडला टाकायचा, तिथे फोर्स घ्यायचा, मग बॉल परत फर्स्टला आणून बॅटरला आऊट करायचं. इथे तिसरा आऊट बॅटरचा, फर्स्टच्या आधी, म्हणून रन नाही, थर्डवरचा केव्हाही आलेला असो. दुसरा रस्ता, तो फर्स्ट बेसच्या अगदी जवळ उभा आहे म्हणून आधी स्वतःच बेसवर पाय ठेवतो आणि मग सेकंडला थ्रो करतो. दिसायला दोन्ही सारखेच, दोन आऊट आणि इनिंग संपली. पण फर्स्टवर पाय पडला त्या क्षणी बॅटर आऊट झाला, आणि बॅटरच आऊट म्हटल्यावर फर्स्टवरून निघालेल्या रनरला मागून ढकलणारं कुणी उरलं नाही, तो हवं तर परत फर्स्टला येऊ शकतो. म्हणजे सेकंडवरचा फोर्स गेला. आता शॉर्टस्टॉपने बेसवर नुसता पाय ठेवून भागत नाही, त्याला रनरला टॅग करावं लागतं, आणि तो टॅग तिसरा आऊट असला तरी फोर्स आऊट नाही. टाइम प्ले. तेवढ्या वेळात थर्डवरचा रनर होमला पोचलेला असेल तर रन धरतात.

लहान मुलांच्या मॅचमध्ये हे झालं की डिफेन्सची टीम नाचत डगआऊटकडे (टीमच्या बसायच्या जागेकडे) निघते आणि अम्पायर ओरडतो रन आहे म्हणून, आणि मग कोच बाहेर येतो. खरं तर चूक डिफेन्सच्या विचारात असते, बॉल हातात यायच्या आधीच फर्स्ट बेसमनला माहीत पाहिजे की थर्डवर रनर आहे आणि एक आऊट आहे, तेव्हा आधी सेकंड, मग फर्स्ट, किंवा सरळ होमला टाकायचा. स्कोअर लिहिणाऱ्यांसाठी एक, असा उलटा डबल प्ले (एकाच प्लेवर दोन आऊट) झाला आणि रन आला तर रन लिहायचा पण बॅटरला आरबीआय (रन आणल्याचं श्रेय) द्यायचा नाही, पुस्तकात ते स्पष्ट आहे.

फोर्स नसून फोर्ससारखी दिसणारी दुसरी प्ले म्हणजे फ्लाय बॉलवर लवकर निघालेला रनर. कॅच झाला, रनरला परत आपल्या बेसवर यायचं असतं, फील्डर बॉल घेऊन त्या बेसवर पाय ठेवतो आणि रनर आऊट. टॅग नाही, नुसता बेसवर पाय, म्हणून सगळ्यांना वाटतं हा फोर्स आहे. कॉमेंट्री करणारेसुद्धा कधी कधी बोलून जातात. हा फोर्स नाही. बॅटर कॅच आऊट झाला, म्हणजे कुणीही कुणाला पुढे ढकलत नाहीये. नियमपुस्तकात याचंच उदाहरण दिलंय: एक आऊट, थर्ड आणि फर्स्टवर रनर, राइट फील्डला फ्लाय, कॅच झाला, दोन आऊट. थर्डवरचा कॅचनंतर निघून होमला येतो. फर्स्टवरचा आधीच पळालेला होता तो परत फिरतो पण थ्रो त्याच्या आधी फर्स्टला पोचतो, तीन आऊट. थ्रो फर्स्टला पोचायच्या आधी थर्डवरचा होमला आला असेल तर रन धरायचा. म्हणजे पुस्तक लिहिणाऱ्यांनाही माहीत होतं की लोक इथे फसणार आहेत.

आता फोर्सच्या नियमाने अमेरिकेत काय केलं होतं ते सांगतो, कारण ही गोष्ट माहीत असली की नियम आयुष्यभर विसरत नाही. २३ सप्टेंबर १९०८, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, जायंट्स विरुद्ध शिकागो कब्स, सीझनचा शेवट आणि दोन्ही टीम्स टायटलच्या शर्यतीत. स्कोअर १-१, नववी इनिंग, जायंट्स बॅटिंगला, दोन आऊट, थर्डवर मूस मॅकॉर्मिक आणि फर्स्टवर १९ वर्षांचा फ्रेड मर्कल. अल ब्रिडवेलने सेंटर फील्डला सिंगल मारला, मॅकॉर्मिक होमला आला, लोक मैदानात घुसले, जायंट्स जिंकले असं सगळ्यांना वाटलं. मर्कलने सेकंडला न जाताच क्लबहाऊसचा रस्ता धरला. त्या काळात जिंकणारा रन आला की बाकीचे रनर पुढचा बेस टच करायची तसदी घेत नसत, सगळेच असं करायचे. पण कब्सचा सेकंड बेसमन जॉनी एव्हर्स नियम वाचणारा माणूस, त्याने बॉल मागवला, गर्दीत त्या बॉलचं नक्की काय झालं यावर आजही वेगवेगळ्या कहाण्या आहेत, पण त्याने बॉल घेऊन सेकंडवर पाय ठेवला आणि अम्पायर हँक ओ'डेने मर्कलला आऊट दिला. फोर्स आऊट, तिसरा आऊट, मॅकॉर्मिकचा रन रद्द.

लोकांना हे अचानक वाटलं पण ओ'डेसाठी ते नवीन नव्हतं. त्याच महिन्यात ४ तारखेला पिट्सबर्गच्या मॅचमध्ये अगदी हेच झालं होतं, तिथेही एव्हर्सने अपील केलं होतं आणि ओ'डे एकटाच अम्पायर होता, आपल्याला रनर दिसला नाही म्हणून त्याने आऊट दिला नव्हता. पुढच्या वेळी मात्र तो बघत होता. मैदानात एवढी गर्दी आणि अंधार पडत चाललेला, खेळ पुढे चालू करता आला नाही, मॅच टाय धरली गेली. सीझन संपला तेव्हा दोघं बरोबरीत, म्हणून ८ ऑक्टोबरला ती मॅच परत खेळवली, कब्स ४-२ जिंकले, पुढे वर्ल्ड सीरिजही जिंकले, आणि नंतरची वर्ल्ड सीरिज जिंकायला त्यांना थेट २०१६ पर्यंत थांबावं लागलं. मर्कल पुढे कित्येक वर्षं चांगला खेळला, पण लोकांनी त्याला त्या एका प्लेवरून आयुष्यभर टोमणे मारले, आणि मला ते मनापासून वाईट वाटतं. पोरगं १९ वर्षांचं, मोठे मोठे खेळाडू रोज जे करत होते तेच त्याने केलं. पण निर्णय मात्र बरोबर होता, नियम तेव्हाही हाच होता.

म्हणून मी लहान मुलांना एकच सांगतो, जिंकणारा रन आला तरी पुढच्या बेसवर पाय ठेवल्याशिवाय नाचायला जायचं नाही.

आता चौथा आऊट. हो, बेसबॉलमध्ये चौथा आऊट असतो, आणि तो न घेतल्यामुळे मोठमोठ्या टीम्सनी रन फुकट दिलेत. १२ एप्रिल २००९, अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्सच्या मैदानावर लॉस एंजेलिस डॉजर्स. दुसरी इनिंग, एक आऊट, डॉजर्सचा आंद्रे ईथियर थर्डवर, हुआन पिएर सेकंडवर, बॅटिंगला त्यांचा पिचर (बॉल टाकणारा) रँडी वुल्फ. त्याने मारलेला लाइनर (टप्पा न पडता सपाट जाणारा फटका) सरळ डायमंडबॅक्सचा पिचर डॅन हॅरेनच्या हातात, दोन आऊट. दोन्ही रनर बेस सोडून पळालेले. हॅरेनने सेकंड बेसमन फेलिपे लोपेझकडे टाकला, त्याने पिएरला टॅग केलं, तीन आऊट, इनिंग संपली म्हणून डायमंडबॅक्स बाहेर निघाले. पण तो टॅग व्हायच्या आधी ईथियर होमला पोचलेला होता. आता वरचा हिशोब लावा: पिएरचा आऊट फोर्स आहे का? नाही, कॅच झाल्यावर फोर्स नसतो. बॅटर फर्स्टच्या आधीचा तिसरा आऊट आहे का? नाही, बॅटर दुसरा आऊट होता. म्हणजे टाइम प्ले, आणि ईथियर टॅगच्या आधी आला, म्हणजे रन. तुम्ही म्हणाल ईथियर तर कॅचनंतर थर्डला परत गेलाच नाही, तो कसा काय धरायचा? तर तो बेकायदा आहेच, पण अम्पायर स्वतःहून ते देत नाही, अपील करावं लागतं. जसं क्रिकेटमध्ये एलबीडब्ल्यू कितीही प्लंब असला तरी कुणी विचारल्याशिवाय बोट वर जात नाही आणि पुढच्या बॉलसाठी बोलर धावायला लागला की अपील गेलं, तसंच. डायमंडबॅक्सने बॉल थर्डला टाकून अपील केलं असतं तर ईथियरचा आऊट तिसऱ्या आऊटच्या जागी धरला गेला असता आणि रन रद्द. त्यालाच चौथा आऊट म्हणतात, चार आऊट लिहिले जात नाहीत, डिफेन्सला जो फायद्याचा तो आधीच्या तिसऱ्याच्या जागी बसतो. पण ते बाहेर निघून गेले. डॉजर्सच्या बेंच कोचने, बॉब शेफरने, ते हेरलं आणि मॅनेजर जो टोरीला सांगितलं, टोरी अम्पायरकडे गेला, रन लागला, डॉजर्स ३-१ जिंकले.

याची मुदत कधी संपते हे लक्षात ठेवा. एरवी पुढचा पिच पडायच्या आत किंवा दुसरी कुठली प्ले करायच्या आत अपील करायचं असतं. इनिंग संपवणाऱ्या प्लेवर मात्र पिचर आणि सगळे इनफिल्डर (बेसेसजवळचे फील्डर) फेअर टेरिटरीच्या (दोन फाउल रेषांच्या आतलं मैदान) बाहेर पडले की खिडकी बंद. एकटा शॉर्टस्टॉप जरी आत थांबला असेल तरी अजून अपील करता येतं.

जपानमध्ये २०१२ च्या उन्हाळी कोशिएनला, म्हणजे तिकडच्या हायस्कूलच्या राष्ट्रीय स्पर्धेत, कुमामोतोच्या सेईसेईको शाळेने नारुतो शाळेविरुद्ध असाच रन घेतला. एक आऊट, फर्स्ट आणि थर्डवर रनर, लाइनर शॉर्टस्टॉपच्या हातात, त्याने फर्स्टला टाकून डबल प्ले केला आणि सगळे खुशीत परतले, आणि थर्डवरचा पोरगा न थांबता होमला पळत आला होता. अपील झालंच नाही, रन धरला. शाळकरी पोरांनी नियम इतका नीट वाचून ठेवावा आणि मोठ्या मैदानात हजारो लोकांपुढे वापरावा, हे मला मेजर लीगच्या उदाहरणापेक्षाही जास्त आवडतं.

तिसऱ्या अपवादाकडे वळतो, बेस चुकवणं. इथे होम रनसुद्धा पुसला जाऊ शकतो. दोन आऊट, बेसेस लोडेड, बॅटरने बॉल कुंपणाबाहेर मारला, चौघं आरामात फिरले, आणि बॅटरने फर्स्ट बेस टचच केला नव्हता. अपील झालं, बॅटर आऊट, तिसरा आऊट फर्स्टच्या आधी, चारही रन गेले. आता तोच होम रन, पण बॅटरने फर्स्ट घेतला आणि सेकंड चुकवला. अपीलवर तो तिसरा आऊट, पण फोर्स नाही, म्हणून त्याच्या पुढचे तिघं धरतात, फक्त त्याचा स्वतःचा रन जातो. आणि बेसेस लोडेड असताना सेकंडवरून निघालेल्या रनरने थर्ड चुकवला तर? तो थर्डला फोर्स होता, म्हणून परत शून्य. पण फर्स्ट रिकामा, सेकंड आणि थर्डवरच रनर, आणि सेकंडवाल्याने थर्ड चुकवला, तर तो फोर्स नव्हता, म्हणून थर्डवरून आलेल्याचा एक रन धरतात आणि मागून आलेल्या बॅटरचा नाही. तोच बेस चुकला, एकदा शून्य, एकदा एक. दोन आऊट नसतील तर मागच्यांना काहीच होत नाही, ज्याने चुकवला तेवढाच आऊट.

एक अपवादाचाही अपवाद आहे, क्वचित घडतो पण न्याय्य आहे म्हणून मला आवडतो. दोन आऊट, बेसेस लोडेड, बॅटरला वॉक (चार वाईट बॉल पडल्यावर फुकट मिळणारा फर्स्ट बेस) मिळाला. थर्डवरचा आरामात होमकडे चालतोय, आणि सेकंडवरचा उत्साहात थर्डच्या पुढे गेला आणि कॅचरच्या थ्रोवर टॅग झाला, तेही थर्डवरचा होमला पोचायच्या आधी. टाइम प्लेच्या हिशोबाने रन जायला पाहिजे, पण जात नाही. वॉकनेच तो रन होमला ढकललेला होता, रनरना फक्त पुढच्या बेसवर जाऊन पाय ठेवायचा होता, म्हणून पुस्तक म्हणतं रन धरा.

अम्पायर हे मैदानावर कसं बघतो तेही सांगतो. दोन आऊट आणि टाइम प्ले होऊ शकेल अशी परिस्थिती आली की आम्ही एकमेकांना मनगटावर दोन बोटं टेकवून खूण करतो, घड्याळ जिथे बांधतात तिथे. मग प्लेट अम्पायर अशा जागी सरकतो की होम प्लेट आणि जिथे टॅग होणार तो बेस एकाच नजरेत येतील. टॅग झाला की तो प्लेटकडे बोट दाखवून मोठ्याने सांगतो रन आहे, किंवा हात हलवून सांगतो रन नाही, म्हणजे स्कोअररला शंका नको. दोन्ही अगदी एकाच क्षणी झालं असं वाटलं तर? नियम म्हणतो तिसऱ्या आऊटच्या आधी, एकाच क्षणी म्हणजे आधी नाही, रन नाही. मेजर लीगमध्ये २०१४ पासून टाइम प्ले व्हिडिओवर तपासता येतो, आमच्याकडे तेवढं कुठलं, दोन अम्पायर आणि चार डोळे.

याच्यातून मुलांना शिकवायचं ते असं. दोन आऊट असताना थर्डवरून किंवा सेकंडवरून होमला येणाऱ्याने शेवटची दहा पावलं कधीही सैल पळू नये, सिंगलवर आपण तर येणारच असं समजून हळू आलेला रनर आणि तिकडे सेकंडला टॅग झालेला बॅटर, यात रन गेलेले मी खूप बघितलेत. पुढच्या बॅटरने प्लेटजवळ उभं राहून रनरला ओरडून सांगावं, पळ, पळ, थांबू नको. आणि बॅटरने सेकंडला टॅग होणारच असं दिसलं तर लगेच टॅग होऊ देऊ नये, मध्ये थांबून फील्डरना स्वतःच्या मागे पळवावं, तेवढ्यात होमचा रन निघतो. दोन आऊट आणि फर्स्ट-थर्ड असताना कित्येक कोच फर्स्टवरच्या रनरला मुद्दाम असं अडकवून घ्यायला सांगतात ते याच कारणाने. डिफेन्सने त्या वेळी रनरचा पाठलाग करताना एक डोळा होमकडे ठेवायचा, आणि जिथे फोर्स आहे तिथे तो फोर्सच घ्यायचा, टॅगच्या मागे लागायचं नाही, कारण फोर्सला वेळेची भीती नाही.

तुमच्या मुलाच्या लीगबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. अपीलची पद्धत सगळीकडे सारखी नाही. मेजर लीगच्या नियमात बॉल लाइव्ह असायला लागतो आणि फील्डरने बॉल घेऊन बेस किंवा रनर टच करायचा असतो. अमेरिकन हायस्कूलच्या नियमात बॉल डेड असताना कोचने किंवा खेळाडूने नुसतं तोंडी सांगितलं, अमुक रनरने अमुक बेस चुकवला, तरी चालतं. तेव्हा सीझनच्या सुरुवातीला कोचला विचारून घ्या आपली लीग कुठलं पुस्तक वापरते. आणि पुढच्या वेळी निर्णय पटला नाही तर जाळीमागून रनर आधी पोचला असं ओरडण्यापेक्षा कोचला अम्पायरकडे जाऊन एवढंच विचारायला सांगा की तिसरा आऊट तुम्ही फोर्स धरला की टॅग. चांगला अम्पायर एका वाक्यात उत्तर देतो, आणि त्याने जर नियम चुकीचा लावला असेल तर लगेच विचारल्यास तो बदलता येतो.